इंटरनेटवर माझ्या नावाने विकलेली कलमं

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या एका वेबसाइटवाल्याने मला फसवलं, आणि माझ्या नावावर राजस्थानातल्या एका बागवाल्यालाही फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या भागात ही गोष्ट आता उलटी फिरते. मी तापट म्हणून असं झालं, मी कंजूष म्हणून असं झालं, असं लोक चहा पिता पिता बोलतात. तापट मी आहे. भाव करताना समोरच्याला घाम फोडतो, हेही खरं. पण संत्रा म्हणून जांभेरी मी आयुष्यात विकलेली नाही.

ज्यांनी संत्र्याची नर्सरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जांभेरी हे लिंबाच्या जातीचं काटेरी, दणकट झाड. फळ आंबट, साल खडबडीत. संत्र्याचं कलम करताना खाली जांभेरीचं रोप घेतात आणि चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, काढून त्याच्या खोडात बसवतात. डोळा फुटला की जांभेरीचा शेंडा छाटायचा. लबाड माणूस डोळा बसवतच नाही. खोडाला नुसती चीर मारतो, वर पट्टी गुंडाळतो आणि ट्रक भरून देतो. नवख्याला ते कळत नाही. फळ लागेपर्यंत चार-पाच पावसाळे जातात, तोपर्यंत शेतकरी खत घालतो, पाणी देतो, आळं खणतो, आणि मग झाडावरून आंबट लिंबं तोडतो. म्हणून या धंद्यात गिऱ्हाईक रोप विकत घेत नाही, नाव विकत घेतं. माझ्याजवळ तेवढंच होतं.

जमीन नव्हती, बापाची पुण्याई नव्हती. नव्वदीच्या सुरुवातीला मी तळेगावच्या फाट्यावर उभा राहायचो. नागपूर-अमरावती रस्त्यावरून बस यायची, त्यातून मध्य प्रदेशातले, राजस्थानातले शेतकरी उतरायचे, डोक्याला पागोटं, काखेत पिशवी, आणि तोंडात कुठल्या तरी नर्सरीचं नाव. ते नाव उच्चारायची खोटी, चार दलाल अंगावर धावायचे.

“वो नर्सरी? अरे सेठ, वो तो कब की बंद हो गई! मालिक गुजर गया बेचारा.”

मालक त्या वेळी मागच्याच शेतात वाफ्याला पाणी देत असायचा.

मीही गिऱ्हाईक धरायचो. पण जो ज्याचं नाव घेऊन आला त्याला त्याच्याच दारात नेऊन सोडायचो. साधुसंत होतो म्हणून नाही. मी पाहिलं होतं की खोटं बोलणाऱ्या दलालाला रोज नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि मला दुसऱ्या वर्षी तेच लोक नावाने हाका मारत येतात. त्यातून मक्त्याने जमीन घेतली, डोळा बांधायला शिकलो, पुढे स्वतःची नर्सरी टाकली. एक नेम केला. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडी पिकणारी फळं झाडावर असतानाच सौदा बोलायचा. ज्या झाडाचा डोळा घेणार त्याच्याखाली गिऱ्हाइकाला उभं करायचं, त्याच्याच हाताने फळ तोडायला लावायचं आणि खाऊ घालायचं. मगच भावाची गोष्ट. माल पावसाळ्यात.

मोबाइल फोन नुकते आमच्या खेड्यापाड्यांत आले होते तेव्हा हा वेबसाइटवाला मोटारसायकलवर आला. वर्ध्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होता. शर्ट पँटीत खोचलेला, हातात फोल्डर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल.

“भाऊ, तुमची जाहिरात कुठं आहे?”

“झाडाले लटकून राह्यली ना. दिसत नाई का?”

तो हसला. “दुनिया आता इंटरनेटवर शोधते, भाऊ. तुमचं नाव पहिल्या पानावर आलं पाह्यजे. दुसरं पान कोणी उघडूनसुद्धा पाहत नाई.”

“अन् पहिल्या पानावर कोणाले बसवायचं, हे कोण ठरवते?”

“सर्च इंजिन.”

“थो कोण होय? त्याले भेटता येते का?”

“मशीन आहे ते. त्याले कोणीच भेटू शकत नाई. पण त्याले काय आवडते, ते मले माहीत आहे.”

हे वाक्य मला आवडलं नाही. साहेब कोणाला भेटत नाही पण साहेबाला काय आवडतं ते मला ठाऊक आहे, असं म्हणणारा माणूस मी तहसील कचेरीच्या बाहेर, मंडईत, सगळीकडे पाहिला होता. साहेबाच्या नावाने घेतलेलं अर्धं त्याच्याच खिशात राहतं. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “इंटरनेट म्हणजे तुमचा फाटाच समजा ना. जो समोर उभा, त्याचं गिऱ्हाईक.”

मी फाट्यावर उभा राहायचो, हे त्याने कोणाकडून काढलं होतं कोणास ठाऊक. विचारलं तर नुसता हसला. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा माणूस घरी येण्याआधी गावात चौकशी करून आला आहे.

पुढच्या आठवड्यात मी वर्ध्याला गेलो. बसस्टँडजवळ एक सायबर कॅफे होता, लाकडी कप्प्यांमध्ये कॉम्प्युटर मांडलेले. त्याने नमुन्याचं एक पान आधीच बनवून ठेवलं होतं. खुर्ची ओढली, माझं नाव आणि माझ्या नर्सरीचं नाव टाइप केलं, आणि पडद्यावर पहिल्याच ओळीत मी.

“पाहा! एक नंबर!”

“वा रे पठ्ठ्या! मी माझ्याच दारात उभा राहून माझ्याच बायकोले हाक मारली, तर तीच ओ देईन ना? शेजारीण कायले देईन?”

कॅफेवाला मागे खो खो हसला.

“ज्याले मी माहीत नाई, तो काय टाइप करन? ते टाइप कर.”

त्याने नाइलाजाने इंग्रजीत नागपुरी संत्र्याची रोपं असं काहीसं टाइप केलं. एक रसाचा कारखाना आला, एक हॉटेल आलं, मी कुठेच नव्हतो. पुढचं पान उघडायला लावलं, त्याच्या पुढचं लावलं. तो कपाळ पुसू लागला. तिथेच सौदा ठरवला. अनोळखी माणसाने अशा शब्दांत शोधलं आणि मी पहिल्या पानावर दिसलो, तरच त्याला मोबदला. नाही दिसलो तर चहा पाजतो, तेवढ्यावर खूश राहायचं. त्याने पुष्कळ हातपाय आपटले. मी मानलं नाही.

मग तो म्हणाला, “वेबसाइटचं नाव विकत घ्यावं लागते, त्याले डोमेन म्हणतात. तुमचा एखादा कागद लागन अन् सही लागन.”

“सही नाई करत मी.”

“काऊन जी?”

“ज्यानं ज्यानं मले सही मागितली, त्याचा फायदा झाला. माझा आजवर नाई झाला.”

“मंग माझ्या नावावर घेऊ?”

“घे.”

मला वाटलं, झंझट त्याच्या गळ्यात पडली. आमच्या बाजारात ज्याच्या नावावर कागद, त्याच्यामागे वसुलीवाला. पत्ताही मी नुसता ‘तळेगावजवळ’ एवढाच लिहू दिला. पूर्ण पत्ता दिला असता तर माझे डोळा बांधणारे कारागीर दुसऱ्यांनी पळवले असते. फोन नंबर दिला, आणि माझा एक फोटो. मी माझ्या सगळ्यात जुन्या झाडाच्या खोडावर हात ठेवून उभा आहे, असा.

चार-सहा महिन्यांत मी खरंच पहिल्या पानावर आलो. कबूल करतो, छाती फुगली. झालावाडकडून, छिंदवाड्याकडून फोन यायला लागले. “नेट पे देखा आपको.” जे येत त्यांना मी झाडाखाली नेत होतो, फळ देत होतो. सगळा जुनाच रिवाज. पण माझा स्वभाव असा की फुकट मिळालेल्या वस्तूला मी उलटी करून पाहतो. पानाच्या तळाशी आकडे फिरणारी एक पट्टी होती. किती लोकांनी पान पाहिलं ते ती दाखवते, असं तो म्हणायचा. आकडा मोठा होता. मी कॅफेत बसून पान बंद केलं, उघडलं. आकडा एकाने वाढला. पुन्हा तसंच केलं, पुन्हा वाढला.

“हे तं मीच मोजल्या जाऊन राह्यलो,” मी कॅफेवाल्याला म्हटलं. “अन् हे सुरू कुठून झालं होतं? शून्यापासून का?”

“काकाजी, तो आकडा पाह्यजे तिथून सुरू करता येते,” कॅफेवाला म्हणाला.

त्या दिवसापासून मी वर्ध्याला गेलो की ते पान निरखू लागलो. एकदा माऊस हातातून निसटला, बटण दाबलेलंच राहिलं, आणि पानाच्या खालच्या कोऱ्या भागावर निळा पट्टा पसरला. त्या निळ्यात पांढरी अक्षरं उमटली. पांढऱ्यावर पांढरी लिहिलेली, म्हणून आजवर दिसली नव्हती. कॅफेवाल्याकडून वाचून घेतलं. आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या नर्सऱ्यांची नावं होती. शेजाऱ्याची, नदीपलीकडच्याची. ज्या म्हाताऱ्याच्या मांडवाखाली बसून मी डोळा बांधायला शिकलो, त्याचंही नाव होतं.

मी वेबसाइटवाल्याला तिथेच बोलावून घेतलं.

“हे काय होय?”

“ते मशीनसाठी आहे, माणसासाठी नाई,” तो सहज म्हणाला. “कोणी त्यांचं नाव शोधलं तं तुमचं पान येते. सगळे असंच करतात. तुमचाच फायदा आहे.”

“म्हंजे दुसऱ्याचं नाव घेऊन निघालेला माणूस तू माझ्या दारात आणून सोडतं?”

“मंग? गिऱ्हाईक तं आलं ना!”

मी टेबलावर असा हात आपटला की कीबोर्डची एक कळ उडून खाली पडली.

“काढ ते! आताच्या आता काढ!”

“काढलं तं नंबर खाली जाईन, भाऊ. मंग माझ्या नावानं बोंबलू नका.”

“नंबर गेला खड्ड्यात. पानच बंद कर. मले नाई पाह्यजे.”

“बंद करतो,” तो म्हणाला. “तुमच्यासारख्या माणसाचं काम करणंच चुकलं.”

‘बंद करतो.’ हे दोन शब्द मी कानांनी ऐकले, कॅफेवाल्यानेही ऐकले. त्याचा तोवरचा हिशोब मी तिथेच चुकता केला आणि आर्वीमार्गे तळेगावची बस धरली. घरी बायकोने विचारलं, “झालं का समाधान?” मी म्हटलं, झालं. नेटवरून येणारे फोन पुढे थांबले, म्हणून पानही थांबलं असं मी धरून चाललो. घरात कॉम्प्युटर नव्हता. जुनी गिऱ्हाइकं होतीच. त्या माणसाचा विषयसुद्धा मी मनातून काढून टाकला.

मग कितीतरी पावसाळ्यांनंतर एका सकाळी फाटकावर पागोटं बांधलेला एक माणूस उभा राहिला. उन्हाने रापलेला, पन्नाशीचा. त्याने मला पाहिलं, एकटक पाहिलं, आणि खांद्यावरची पिशवी माझ्या पायाशी ओतली. खडबडीत पिवळी फळं घरंगळत वाफ्यात गेली. मला वाकून पाहायचीसुद्धा गरज नव्हती. जांभेरी.

“पहचानो,” तो म्हणाला. “तुम्हारा ही माल है.”

“मेरा नहीं है. मैंने तुमको पहले कभी देखा नहीं.”

“मैंने तो देखा है. पेड़ पर हाथ रखके खड़े थे. यही पेड़ था. यही मुँह था.”

माझं डोकं सणकलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तोही कमी नव्हता. माझी बायको मध्ये पडली, त्याला पाणी दिलं, मला आत ढकललं. थोड्या वेळाने मी बाहेर आलो आणि त्याच्यासमोर बसलो. तो राजस्थानातल्या झालावाडकडचा. शेजारच्या गावात कोणाच्या तरी मुलाने कॉम्प्युटरवर शोधून दिलं होतं. पहिलंच नाव माझं, फोटो माझा. खालच्या नंबरवर फोन केला, समोरचा माझं नाव सांगून बोलला, ट्रक घरपोच आला. अख्खी बाग लावली.

“लेकिन फल किसने खिलाया तुमको?” मी विचारलं. “मैं बिना फल खिलाए सौदा नहीं करता. पूरे इलाके से पूछ लो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “फोन पे कौन फल खिलाता है, भाई?”

त्याच्या खिशातल्या चिठोऱ्यावरचा नंबर मी लावून पाहिला. बंद. पण नंबर माझा नव्हता. माझा नंबर पहिल्या दिवसापासून एकच आहे. हे मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, “नंबर तो आदमी दस रख सकता है.”

आम्ही दोघं एका बसने वर्ध्याला गेलो. मी उतरून पळून जाईन या भीतीने तो दाराकडच्या बाजूला बसला आहे, असं मला सारखं वाटत होतं.

पिपरी मेघेत त्या माणसाचं आता ऑफिस झालं होतं. काचेचं दार, बाहेर ऑनलाइन मार्केटिंगची पाटी, आत ओळीने कॉम्प्युटर. मी त्याच्याच माणसाला शोधायला लावलं. तीच जुनी ओळ टाइप केली, आणि पहिल्याच नंबरवर मी. खोडावर हात ठेवलेला. इतक्या वर्षांत माझे केस पिकले होते, तिथे काळेच होते. खाली दुसराच नंबर. आणि हा नंबर या पाहुण्याच्या चिठोऱ्यावरचाही नव्हता, तिसराच होता.

“तू पान बंद केलं होतं ना?” मी त्या वेबसाइटवाल्याला विचारलं.

“काकाजी, बसा. चहा सांगतो.”

“चहा नको. पान बंद केलं होतं का नाई?”

“तुम्हाले नको होतं, म्हणून तुमच्यासाठी बंद केलं. डोमेन माझ्या नावावर आहे, कागद माझे आहेत. माझ्या पानाचं मी काय करीन ते मी पाहीन ना.”

“अन् त्या फोटोतलं थोबाड कोणाचं होय?”

तो म्हणाला, जे फोन येतात ते तो आमच्याच भागातल्या निरनिराळ्या नर्सरीवाल्यांना देतो. जो त्या मोसमात पैसे भरेल त्याचा नंबर खाली टाकतो. कोण काय माल पाठवतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही. “मी फक्त माणूस दारापर्यंत आणून सोडतो. तुम्ही नाई का फाट्यावर हेच करत होते?”

त्याची पोरं कॉम्प्युटरमागे तोंड लपवून हसली.

“मी गिऱ्हाइकाच्या सोबत चालत जात होतो,” मी ओरडलो. “त्याले माझं तोंड माहीत होतं! माल खराब निघाला तं दुसऱ्या दिवशी त्याच फाट्यावर मले पकडता येत होतं! तुले कोण पकडणार? तू माझं तोंड लावून बसला!”

पाहुण्याला आमचं मराठी सगळं कळलं की नाही माहीत नाही. तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “साहब, मुझे कुछ नहीं चाहिए. उस साल फोन किसने उठाया था, बस उसका नाम बता दो.”

“नाम नहीं दे सकते. क्लायंट का मामला है,” तो म्हणाला. “भरोसे का धंधा है.”

मी त्याच्या अंगावर धावलो. त्याच्या पोरांनी मला धरलं. पोलिसांत गेलो, तर तिथेही पहिला प्रश्न तोच, तुमच्या नावाचा कागद कुठे आहे? बायकोनेही घरी तेच ऐकवलं, “जनमभर सही नाई केली, आता पाहा.” लोकही हेच म्हणतात. मी सही केली असती तर त्याने माझा फोटो खाली उतरवला असता का? चोराला कुलूप नव्हतं म्हणून चोरी माफ होते का?

पाहुणा वर्ध्याहूनच गाडीने परत गेला. स्टेशनवर मी त्याला म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात माझ्याकडून रोपं ने, मी स्वतः सोबत येतो. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. “देखते हैं,” म्हणाला आणि डब्यात चढला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या गावात माझं नाव काय म्हणून घेतलं जातं, याचा विचार आला की जेवण जात नाही.

वेबसाइटवाल्याने पुढे पानावरून माझा फोटो काढून टाकला. पण माझं नुकसान त्याने संपलं नाही. मी आता माझ्याच लोकांत बसू शकत नाही. तो ट्रक गेला त्या वर्षी कोणाकडे डोळा न बांधलेली जांभेरी उरली होती, हे मी आठवत बसतो. शेजाऱ्याची उरली होती, पण त्याने ती उपटून टाकली असं म्हणाला होता. मी उपटताना पाहिलं नाही. नदीपलीकडच्याने त्याच हंगामानंतर नवा बोअर मारला. तिसरा एक आहे, तो तेव्हापासून मला रस्त्यात भेटला की आधी नमस्कार घालतो, पूर्वी घालत नव्हता. तिघांपैकी एक आहे, किंवा तिघंही, किंवा एकही नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी जागा मिळाली की मी उठून दुसरीकडे बसतो. निर्दोष माणसाला मी चोर समजतो आहे आणि चोर मला पान-सुपारी देतो आहे, असंही असेल.

हे कोडं एक माणूस सोडवू शकतो. तो पिपरी मेघेत राहतो, रोज काचेचं दार उघडतो, आणि दुकानदारांना सांगत फिरतो की तुमचं नाव मी पहिल्या नंबरवर आणतो. त्याला माझं सगळ्यांसमोर सांगणं आहे. मला तुझा पैसा नको, माफीही नको. माझ्या नावाने त्या शेतकऱ्याशी कोण बोललं, त्याचं नाव सांग. तळेगावात ये, त्या तिघांना समोर बसवतो, झालावाडच्या माणसाला गाडीचं भाडं देऊन बोलावतो, आणि सगळ्यांच्या देखत सांग. क्लायंटचा मामला म्हणून तोंड लपवू नको. फोन कोणी उचलला होता? बोल.